वाड्याचा दर्शनी भाग

परवा आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर भाच्याने एक फोटो टाकला. उंच खांबांची ओळ, माथ्यावर चार घोड्यांचा रथ, रथात उभी असलेली देवी. खाली लिहिले होते, "युद्धात जळालेला राजवाडा जर्मनांनी जसाच्या तसा उभा केला. आणि आपण? शनिवारवाड्याच्या नुसत्या जोत्यांवरून फिरतोय. शिका जरा!" त्याखाली पंधरा-वीस अंगठे आणि हात जोडलेली चित्रे. आमच्या नणंदबाईंनी तर "इच्छाशक्ती हवी" असेही लिहिले.

मी उत्तर लिहायला घेतले आणि ते इतके लांबले की भाचा म्हणाला, "आत्या, हे ग्रुपवर नको, तुझ्या ब्लॉगवर टाक." म्हणून टाकते आहे. ज्यांनी अंगठे दिले त्यांनी कृपा करून शेवटपर्यंत वाचावे, एवढीच विनंती.

तर तो वाडा मी पाहिलेला आहे. ब्राउनश्वाइग नावाच्या शहरात आहे. उत्तर जर्मनीत लोअर सॅक्सनी म्हणून एक राज्य आहे, त्यातले हे हॅनोव्हरच्या खालोखालचे शहर. तिथे लेकीकडे मी दीड महिना राहिले होते. जावईबापू म्हणाले, चला, राजवाडा दाखवतो. गेलो. समोरून खरोखर डोळे दिपतात. आत पाऊल टाकले, थोडे चालून गेलो, आणि मी बुटांच्या दुकानासमोर उभी होते. शेजारी कपड्यांचे दुकान, पलीकडे सरकता जिना, वर आणखी दुकाने. मी लेकीला विचारले, "वाडा कुठे आहे?" ती हसून म्हणाली, "आई, तो मागे राहिला. तेवढाच होता."

जर्मनांनी "जसाच्या तसा" उभा केलेला राजवाडा तो हा. बाहेरच्या भिंती राजाच्या, आणि मागे मोठा मॉल. २००७ साली उघडला.

आता त्याची हकीकत सांगते, कारण ती ऐकल्याशिवाय माझा राग कशावर आहे ते कळणार नाही.

ब्राउनश्वाइग हे व्यापाऱ्यांचे शहर. एक शहर कसले, पाच पेठा जोडून झालेले, आणि प्रत्येक पेठेचा स्वतंत्र कारभार. ड्यूक म्हणजे तिथले सरंजामी राजे, आणि त्यांचे शहरवाल्यांशी कधी पटले नाही. शहरवाले इतके शिरजोर की ड्यूकने आपले बिऱ्हाड शेजारच्या वोल्फेनब्युटेल गावी नेले आणि शेकडो वर्षे तो तिथूनच राज्य करत राहिला. शेवटी १६७१ साली ड्यूकच्या फौजेने शहराला वेढा घालून ते घेतले आणि नागरिकांचे स्वातंत्र्य संपले. पुढे अठराव्या शतकाच्या मध्याला ड्यूक शहरात राहायलाच आले. १८३० साली ड्यूक कार्ल दुसरा याच्या मनमानीला कंटाळून लोक उठले, वाड्यात शिरले आणि वाडा पेटवून दिला. ड्यूक पळाला तो परत आलाच नाही. त्या राखेवर ओटमर नावाच्या वास्तुविशारदाने जो नवा वाडा बांधला, तो हा फोटोतला.

बरे, तोही सुखाने नांदला नाही. १८६५ साली पुन्हा मोठी आग लागली, पुन्हा दुरुस्ती झाली. १९१८ साली जर्मनीत क्रांती झाली आणि शेवटच्या ड्यूकला गादी सोडावी लागली. १९३५ पासून वाड्यात हिटलरच्या एस.एस. दलाच्या अधिकाऱ्यांची प्रशिक्षणशाळा भरू लागली. १९४४ च्या ऑक्टोबरात बाँबहल्ल्यात शहराचा मध्यभाग जळाला. वाड्याचेही फार नुकसान झाले, पण तो पूर्ण पडला नव्हता. तो पाडला १९६० साली, आणि तोही शत्रूने नव्हे. नगरपालिकेच्या सभेत ठराव झाला, लोकांनी विरोध केला, तरी सुरुंग आणि यंत्रे लावून उरलेला वाडा भुईसपाट केला. तिथे बाग केली.

ती बाग चाळीसेक वर्षे होती. एका पिढीला वाडा आठवतच नव्हता, त्यांना बागच आठवत होती. २००४ साली नगरपालिकेने दुसरा ठराव केला: इथे मॉल बांधू द्यायचा आणि त्याला वाड्याचा दर्शनी भाग लावायचा. याही वेळी विरोध झाला. पुढच्या वर्षी झाडे तोडली.

पाहा बरे. एकदा वाडा होता तेव्हा लोकांना न विचारता वाडा पाडला. मग बाग झाली, लोक तिथे रुळले, तर बाग गेली. दोन्ही वेळा कारण "शहराचे भले" हेच होते. माझा रागाचा पहिला मुद्दा इथे आहे. १९६० ची चूक २००७ ने भरून निघाली असे जे सांगतात, त्यांना मी विचारते, चूक वाडा पाडण्यात होती, की हाताशी असलेले खरे काही मोडून त्याजागी सोयीचे काही आणण्यात होती? दुसरे उत्तर बरोबर असेल, तर तीच चूक पुन्हा झाली.

दुसरी बाजूही सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल बाईंनी एकांगी लिहिले. त्या दर्शनी भागात शहराचे सार्वजनिक वाचनालय आहे आणि शहराचे दप्तरखानाही आहे. वाचनालयात मी स्वतः दोन दुपारी बसले, भाषा येत नसताना. मुले जमिनीवर पालथी पडून चित्रांची पुस्तके बघत होती. १९६० साली पाडलेल्या वाड्याचे कोरीव दगड ठिकठिकाणी जपून राहिले होते, ते शोधून पुन्हा भिंतीत बसवले आहेत. ओटमरचे काम नीट अभ्यासून केलेले आहे, त्यात चेष्टा नाही. आणि गावातल्या पुष्कळांना तो वाडा आवडतो. लेकीच्या शेजारच्या आजी म्हणाल्या की त्यांच्या लहानपणचे काहीतरी परत आले असे वाटते. त्यांच्या डोळ्यांत पाणी होते. त्या आजींशी माझे भांडण नाही.

माझे भांडण "जसाच्या तसा" या शब्दांशी आहे.

जसाच्या तसा म्हणजे कधीचा? ओटमरने बांधून पुरा केला तेव्हाचा? १८६५ च्या आगीनंतरचा? १९३५ नंतरचा, ज्यात काळ्या गणवेशातले तरुण कवायत करत होते? की १९५९ चा, अर्धा जळालेला, पण खरा? पुन्हा बांधताना माणूस इतिहासातला एक दिवस निवडतो आणि बाकीचे दिवस पुसतो. निवडलेला दिवस नेहमी सणाचा असतो. आगीचा, हाकलून दिलेल्या राजाचा, लाजेचा दिवस कोणी दगडात परत बांधत नाही.

आणि हे काही एकविसाव्या शतकातच सुरू झाले असे नाही. त्याच गावात चर्चच्या शेजारी हेन्री द लायन या बाराव्या शतकातल्या ड्यूकचा किल्लेवजा वाडा आहे. पर्यटक त्याच्यासमोर उभे राहून बाराव्या शतकाचे फोटो काढतात. आज दिसते ती इमारत बहुतांशी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लुडविग विंटर याने जुन्या अवशेषांवरून बांधलेली आहे. समोर चौकात ब्राँझचा सिंह आहे, तोही नक्कल. ११६६ च्या सुमाराचा खरा सिंह ऊनपावसापासून जपण्यासाठी आत ठेवला आहे. सिंहाबद्दल मात्र माझी तक्रार नाही, कारण खरा दहा पावलांवर आहे आणि बाहेरचा नक्कल आहे हे कोणी लपवत नाही.

जवळच हार्झ डोंगराच्या पायथ्याशी गोस्लार नावाचे गाव आहे. तिथे अकराव्या शतकातल्या सम्राटांचा महाल आहे. तो पडायला आला होता, तेव्हा १८६८ ते १८७९ या काळात दुरुस्त केला. चांगलेच केले. पण याच काळात, १८७१ साली, नवे जर्मन साम्राज्य झाले होते. मग आतल्या भिंतींवर विस्लिसेनुस या चित्रकाराकडून प्रचंड चित्रे काढून घेतली, ज्यांत जुन्या सम्राटांची परंपरा थेट नव्या कैसरपर्यंत येऊन पोहोचते. दाराबाहेर दोन घोडेस्वार: एक बाराव्या शतकातला सम्राट बार्बारोसा, दुसरा कैसर विल्हेल्म पहिला. दोघांत सातशे वर्षांचे अंतर, पण उभे असे केले आहेत की जणू काका-पुतणे. वाडा दुरुस्त करता करता नव्या राजाला जुने आजोबा मिळवून दिले! म्हणून कोणी "गतवैभव परत आणू" म्हणाले की मी आधी बघते, म्हणणारा कोण आहे आणि त्याला दाराशी स्वतःचा घोडा उभा करायचा आहे का.

मग पुन्हा काही बांधूच नये का? बांधावे. हिल्डेसहाइमला जे केले ते मला पटते. त्या गावात खाटकांच्या संघाचे एक मोठे लाकडी घर होते, १५२९ साली बांधलेले. जर्मनीतले सर्वांत सुंदर लाकडी घर म्हणून त्याची ख्याती. २२ मार्च १९४५ रोजी, म्हणजे युद्ध संपायला जेमतेम दीड महिना असताना, बाँबहल्ल्यात जुन्या गावाबरोबर ते जळून गेले. त्या जागी साठच्या दशकात एक हॉटेल आले. गावकऱ्यांना ते कधी रुचले नाही. त्यांनी वर्षानुवर्षे चिकाटी धरली, आणि शेवटी हॉटेल पाडून १९८७ ते १९८९ मध्ये ते घर पुन्हा बांधले. जुन्या सुतारकामाच्या पद्धतीने, ओकच्या तुळया एकमेकींत बसवून, लाकडी खुंट्या ठोकून. वर शहराचे संग्रहालय आहे. म्हणजे घर नवे असले तरी हातांची विद्या जुनी आणि खरी होती, ती सुतारांच्या एका पिढीकडे पुन्हा आली. आणि घर आतून-बाहेरून घरच आहे. पुढून खाटकांचे आणि मागून मॉलचे असे नाही. चौकात समोरच तिथला टाऊन हॉल आहे, तेराव्या शतकातला. तोही जळाला होता. तो मात्र पूर्वीसारखा नटवला नाही, साधेपणाने दुरुस्त करून १९५४ साली कारभाराला लावला. एकाच चौकात दोन उत्तरे समोरासमोर उभी आहेत आणि दोन्ही प्रामाणिक आहेत.

टाऊन हॉलवरून आठवले. आपली मंडळी युरोपला जातात आणि राजवाडे बघून येतात. टाऊन हॉल कोणी बघत नाही. त्यांच्या भाषेत त्याला राटहाउस म्हणतात. राट म्हणजे सल्ला, आणि सल्ला देणारी सभाही. सल्लामसलतीचे घर. किती चांगला शब्द!

ब्राउनश्वाइगचे जुने राटहाउस पाहायला मी एकटीच गेले. तेराव्या ते पंधराव्या शतकात वाढत गेलेली काटकोनातली इमारत, खाली-वर कमानी, खांबांवर राजेराण्यांचे पुतळे. पण मला सगळ्यांत आवडली ती खांबावर बसवलेली धातूची पट्टी. साधारण ५७ सेंटिमीटरची. कापड मोजायचे गावाचे प्रमाण माप. दुकानदाराने कापड कमी मोजले असे वाटले तर गिऱ्हाईक ते घेऊन इथे येई आणि पट्टीला लावून बघे. त्यासाठी वकील नको, ओळख नको. चाळीस वर्षे फळ्यासमोर उभी राहिलेली मी, त्या पट्टीपुढे नमस्कार करावासा वाटला. राजवाड्याच्या चार घोड्यांपेक्षा ही पट्टी मोठी आहे असे मला आजही वाटते. फोटोत ती कोणी टाकत नाही, ते सोडा.

हॅनोव्हरचे राटहाउस तर राजवाड्याहून भव्य आहे. १९१३ साली कैसर विल्हेल्म दुसरा याच्या हस्ते उघडले. मातीत पाणी, म्हणून पायाखाली सहा हजारांवर लाकडी खांब ठोकले आहेत. असे सांगतात की नगराचे प्रमुख ट्राम यांनी कैसरला ऐटीत सांगितले, दहा दशलक्ष मार्क लागले, महाराज, आणि सगळे रोख दिले आहेत. कर्ज नाही! घुमटावर जायला एक लिफ्ट आहे ती घुमटाच्या वळणाने तिरकी चढते, मी डोळे मिटून घेतले होते.

पण सांगायची गोष्ट खालच्या दालनात आहे. तिथे शहराच्या चार मोठ्या प्रतिकृती मांडल्या आहेत. एक १६८९ ची, तटबंदीतले टुमदार गाव. दुसरी १९३९ ची, भरगच्च. तिसरी १९४५ ची. चौथी आजची. तिसरीसमोर मी किती वेळ उभी होते कोण जाणे. घरांच्या नुसत्या भिंती, वर छप्पर नाही, आत पोकळी, गल्ल्यांमागून गल्ल्या तशाच. कुणीतरी बसून एकेक पडकी भिंत तितक्याच काळजीने कोरली आहे जितक्या काळजीने शेजारची शाबूत घरे. जन्ममृत्यूच्या दाखल्याचे गाव जिथे चालते त्या घराच्या दारातच "आपण हे होतो, मग आपले हे झाले" असे मांडून ठेवायला धैर्य लागते. त्या दिवशी एक शाळेची सहल आली होती. बाईंनी मुलांना १९३९ आणि १९४५ च्या मध्ये उभे केले आणि काही बोलल्या नाहीत, मुलांना नुसते बघू दिले. मला हेवा वाटला. इतिहासाचा असा तास मी एकदाही घेतला नाही.

भाच्या, जर्मनांकडून शिकायचे म्हणतोस ना, हे शीक.

आणि वोल्फेनब्युटेलचाही वाडा बघ, जिथे ड्यूक रुसून जाऊन राहिले होते. तो युद्धातून वाचला. मोठा वाडा, बाहेर मनोरा, आत संग्रहालय, आणि त्याच वाड्यात आज एक माध्यमिक शाळा भरते. मधल्या सुट्टीत वाड्याच्या चौकात मुले डबे खातात. जवळच ड्यूकांचे ग्रंथालय, जिथे लाइब्निट्स आणि पुढे लेसिंग ग्रंथपाल होते. राजे गेले, वाड्याने दुसरे काम पत्करले, म्हणून तो जिवंत आहे. त्याला "उभा करावा" लागला नाही, कारण त्याला पडूच दिले नाही.

आता शनिवारवाडा.

एक गंमत सांगते. १७ नोव्हेंबर १८१७ रोजी शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण लागले तेव्हा इंग्लंडच्या गादीवर जॉर्ज तिसरा होता. तोच हॅनोव्हरचाही राजा होता, कारण १७१४ पासून इंग्लंडचे राजे हॅनोव्हरच्या घराण्यातलेच. त्याने आयुष्यात कधी हॅनोव्हर पाहिले नाही आणि पुणे तर नाहीच नाही. हॅनोव्हरला त्या घराण्याचा हेरेनहाउझेनचा वाडा होता, तोही १९४३ साली बाँबने जळाला. २०१३ साली तो बाहेरून जुन्यासारखा, आतून आधुनिक सभागृह असा बांधून झाला. म्हणजे जिंकणाऱ्यांचा वाडाही जळाला आणि हरणाऱ्यांचाही. आपण मात्र फोटो त्यांच्या वाड्याचा बघतो आणि जीव आपल्या वाड्यासाठी कासावीस होतो.

शनिवारवाडा फेब्रुवारी १८२८ मध्ये जळाला. छायाचित्रणकला जगात प्रसिद्ध झाली १८३९ साली. म्हणजे पेशव्यांच्या वाड्याचा एकही फोटो असणे शक्य नाही. ब्राउनश्वाइगवाल्यांकडे ओटमरचे काम होते, फोटो होते, मूळ दगड होते, तरी जे उभे राहिले ते दर्शनी भागापुरते. आपल्याकडे जोती आहेत, दरवाजे आहेत, तट आहे आणि बाकी वर्णने. यावरून जे बांधले जाईल तो सिनेमाचा सेट होईल. आणि तो बांधायला आज जे खरे आहे ते, म्हणजे माधवराव ज्यांवरून चालले असतील ते दगड, झाकावे लागतील. नारायणरावांचा खून जिथे झाला त्या वाड्याला कोणता सणाचा दिवस निवडणार?

यावर भाचा म्हणेल, "आत्या, तुला पडके आवडते, तू वाचलेली आहेस. साध्या माणसाला जोत्यांवरून काय कळणार?" हा प्रश्न खरा आहे आणि मी तो टाळत नाही. साध्या माणसाला जोत्यावरून कळत नाही, कारण जोत्याशेजारी सांगणारे कोणी नाही. हॅनोव्हरसारखी एक मोठी प्रतिकृती करा. चांगल्या अभ्यासकांना बसवा, जे पुराव्याने ठाऊक आहे ते एका रंगात, अंदाजाचे ते दुसऱ्या रंगात. शेजारी १८२८ च्या आगीनंतरची प्रतिकृती. बघू, साध्या माणसाला कळते की नाही. चाळीस वर्षांच्या अनुभवावरून सांगते, मुलाला खरे सांगितले तर कळते. त्याला आपण कमी लेखतो.

आणि इच्छाशक्तीच दाखवायची असेल तर अजून उभे असलेले वाडे आहेत. पुण्याचा विश्रामबाग वाडा घ्या. तिथे पाठशाळा भरली, एके काळी नगरपालिकेची कचेरीही होती. पेशव्याच्या वाड्यात गावाचा कारभार! वोल्फेनब्युटेलची गोष्ट आपल्याकडेही घडलीच होती, आपल्याला ती सांगावीशी वाटली नाही. सातारा, वाई, नाशिक, पैठण, कुठल्याही गावात जा, दिंडीदरवाजा, चौक, कडीपाट असलेले एखादे घर शेवटचे आचके देत असते. त्याच्या डागडुजीला जी रक्कम लागते तीत नव्या राजवाड्याचा एक खांबही होणार नाही. पण त्या घराचा फोटो ग्रुपवर कोणी टाकत नाही, आणि ते पडून तिथे इमारत झाली की त्याच इमारतीला आपण "पेशवाई रेसिडेन्सी" नाव देतो.

असो. रागाच्या भरात जास्त लिहिले असेन. भाच्याने अजून एक फोटो पाठवायचे कबूल केले आहे: आमच्या माहेरच्या घराच्या तुळईचा, जिला वाळवी लागली आहे आणि जिच्याबद्दल तीन वर्षे आम्ही भावंडे नुसती बोलतो आहोत. तो आला की सुताराला फोन करायचा आहे. त्या ग्रुपवर इच्छाशक्ती लिहिणाऱ्या नणंदबाईंकडूनही वर्गणी घेईन म्हणते.